वाचकांचे प्रश्न : ॲपसाठी परीक्षक कोठे शोधावेत?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील असून बेळगावात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकतो. डेअरीवर रोज घातलेल्या दुधाचे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन घटक) आणि दर यांची नोंद शेतकऱ्याला मराठीत ठेवता यावी आणि हाती आलेले बिल तिच्याशी पडताळून पाहता यावे, यासाठी मी एक अँड्रॉइड ॲप तयार केले आहे. प्ले स्टोअरवर ते सर्वांसाठी खुले करण्याआधी १२ परीक्षकांकडून १४ दिवस चाचणी करून घेणे आवश्यक आहे, असे कळले. वर्गातील मित्र त्यासाठी तयार आहेत. पैसे घेऊन १२ परीक्षक पुरवणारेही इंटरनेटवर आढळतात. यांपैकी कोणता मार्ग घ्यावा?
— एक विद्यार्थी, खानापूर तालुका

उत्तर : दोन्ही मार्गांनी १२ हा आकडा भरेल, परंतु ॲपची परीक्षा होणार नाही. तुमचे परीक्षक तुमच्या गावातच आहेत. सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन डेअरीच्या रांगेत उभी राहणारी माणसे सोडून अन्य कोणाकडूनही या ॲपची खरी चाचणी होऊ शकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी नियम नीट समजून घेऊ. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्यांना (ॲप प्रसिद्ध करण्यासाठी काढायच्या खात्यांना) गुगलने ही अट लावली आहे. संस्थेच्या नावाने काढलेल्या खात्यांना ती लागू नाही. सुरुवातीला २० परीक्षक लागत असत, डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ करण्यात आली. हे परीक्षक निमंत्रितांपुरत्या मर्यादित चाचणीत सलग १४ दिवस सामील असावे लागतात. एखादा परीक्षक आठव्या दिवशी बाहेर पडला, तर तो मोजला जात नाही, आणि पुन्हा आला तर त्याचे दिवस नव्याने सुरू होतात. म्हणून नेमक्या १२ जणांवर थांबू नका. १८ ते २० जण तरी जमवा. लग्नसराई, सुगी, फोन बिघडणे अशा कारणांनी काही जण गळणार, हे गृहीत धरावे.

चौदा दिवस झाले की परवानगी आपोआप मिळते, असेही नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि त्या अर्जात परीक्षक मिळवणे किती सोपे किंवा अवघड गेले, त्यांनी ॲप कसे वापरले, कोणत्या सूचना केल्या आणि त्यांवरून तुम्ही काय बदलले, असे प्रश्न विचारले जातात. विकतचे परीक्षक ॲप उतरवून घेतात, दिवसातून एकदा उघडून बंद करतात आणि विषय संपवतात. त्यांच्या भरवशावर या प्रश्नांना देण्यासारखे उत्तर तुमच्यापाशी राहत नाही, आणि चाचणी पुरेशी झाली नाही या कारणावरून अर्ज परतही येऊ शकतो. पैसे वाया जातातच. त्याहून वाईट म्हणजे चूक कोठे आहे हे कळण्याची संधी हातची जाते. मित्रांचा उपयोग मात्र जरूर करून घ्या. प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे ॲप करणाऱ्यांसाठीच्या गुगलच्या संकेतस्थळावर, १०० जणांपर्यंतच्या अंतर्गत चाचणीची सोय आहे. ॲप मध्येच बंद पडते का, जुन्या फोनवर चालते का, एवढे मित्रांकडून तपासून घ्या आणि मगच ते गावात न्या. पहिल्याच दिवशी बंद पडलेले ॲप दुसऱ्या दिवशी कोणी उघडत नाही.

आता माणसे कशी निवडावीत, हा खरा प्रश्न. संकेतस्थळे आणि ॲप वापरायला किती सोपी आहेत याचा अभ्यास करणारे तज्ज्ञ याकोब निल्सन यांनी २००० साली असे मांडले की, चाचणीच्या एका फेरीला पाच माणसे पुरतात. त्यामागे १९९३ मधील एका अभ्यासाचे गणित होते : एका वापरकर्त्याकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात आणि पाच जणांत हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास जाते. अर्थात वापरणाऱ्यांचे गट वेगवेगळे असतील, तर प्रत्येक गटातून काही माणसे घ्यावी लागतात, हेही त्यांनीच सांगितले आहे. तुमच्या बाबतीत हे गट सहज दिसतात. अनेक घरांत धार काढते एक, दूध घालायला जाते दुसरे आणि बिलाचा हिशेब पाहते तिसरे. एकच गाय असलेल्या घराची नोंद वेगळी, आणि गाय-म्हैस दोन्ही असलेल्या घराची वेगळी, कारण दोन्ही दुधांचे फॅट आणि दर निराळे असतात. चष्म्याशिवाय न वाचता येणारे आजोबा, फोन सफाईने हाताळणारी पण डेअरीची पावती कधी न पाहिलेली कॉलेजकन्या, आणि घरातील सगळे व्यवहार तोंडपाठ असलेली मावशी, असे तिघे तुमच्या यादीत असलेच पाहिजेत. सगळेच विशीतले तरुण घेतलेत, तर तुमच्याच सवयी तुम्हाला परत दिसतील.

आपल्या भागात भाषेचा मुद्दा विशेष लक्ष देऊन तपासावा लागतो. मराठी बोलणाऱ्या कित्येकांच्या फोनची भाषा इंग्रजीच असते, काहींची कन्नड असते. फोनच्या भाषेवरून ॲपची भाषा ठरत असेल, तर तुम्ही कष्टाने केलेली मराठी त्यांना दिसणारच नाही. ॲप प्रथम उघडताच भाषा विचारावी, हे बरे. डेअरीची पावती कन्नडमध्ये असेल, तर तिच्यावर आकडे ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने ॲपमधील रकाने असावेत. म्हणजे वाचता न आले तरी जुळवता येते. कन्नड बोलणाऱ्या दोन-तीन शेजाऱ्यांनाही सामील करून घ्या. दूध एकाच डेअरीवर जाते, हिशेबाची गरजही सारखीच आहे, आणि कन्नड आवृत्ती हवी की नको हे तेच सांगू शकतील.

एक अगदी बारीक वाटणारी जागा सांगतो, कारण अशाच जागी ॲप अडते. फॅटच्या रकान्यात ६.५ लिहायचे आहे. परीक्षकाच्या फोनवर मराठी कीबोर्ड असेल आणि त्याने देवनागरी ६, टिंब आणि ५ असे टाइप केले, तर काही प्रोग्रामिंग भाषा या चिन्हांना संख्या मानतच नाहीत. जावास्क्रिप्टमध्ये तर अशा मजकुराची संख्या होतच नाही. समोर लाल अक्षरांत ‘चुकीची नोंद’ असे येते आणि लिहिणाऱ्याला वाटते, आपलेच काहीतरी चुकले. दुसरा एखादा परीक्षक टिंब न सापडल्यामुळे ६५ लिहून पुढे जातो आणि ॲप ते निमूटपणे स्वीकारते. पहिल्या ठिकाणी देवनागरी अंक स्वीकारले पाहिजेत, दुसऱ्या ठिकाणी ६५ फॅट असूच शकत नाही हे ॲपला कळले पाहिजे. वर्गमित्रांकडून या दोन्ही चुका सापडण्याची शक्यता कमी, कारण ते इंग्रजी अंकांनाच सरावलेले असतात.

प्रत्यक्ष सामील करून घेताना पहिली अडचण येईल ती गुगल खात्याची. चाचणीचे निमंत्रण ठरावीक ईमेल पत्त्यावर जाते आणि फोनवरील प्ले स्टोअर त्याच पत्त्याने चालू असावे लागते. गावात अनेकांचा जीमेल पत्ता मुलाने किंवा मोबाईलच्या दुकानदाराने काढून दिलेला असतो आणि तो त्यांना आठवत नाही. तोंडी विचारू नका. प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातील चित्रावर बोट ठेवले की पत्ता दिसतो; तेथूनच अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. निमंत्रणाचा दुवा तेथेच उघडून, ‘परीक्षक व्हा’ या अर्थाचे बटण त्यांच्याच हाताने दाबून, ॲप उतरेपर्यंत थांबा.

विचारायचे कसे, तर सरळ. “काका, हे अजून कच्चे आहे. पंधरा दिवस वापरून कोठे अडते ते सांगा. नोंदवहीत लिहिणे मात्र बंद करू नका.” हे शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. चाचणीतील ॲपच्या भरवशावर कोणाचा खरा हिशेब बुडता कामा नये. कोणती माहिती घेणार, ती कोठे राहणार आणि चाचणी संपल्यावर तिचे काय करणार, हे त्याच बैठकीत सांगा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात उद्देश सांगून संमती घेणे आणि दिलेली संमती मागे घेण्याची मुभा असणे, ही मूळ तत्त्वे आहेत. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्यायही त्यात दिला आहे, आणि मराठी व कन्नड दोन्ही त्या अनुसूचीत आहेत.

एकदा ॲप त्यांच्या हाती दिले की गप्प बसा. ‘इथे दाबा, तिथे दाबा’ असे सांगितले की चाचणी संपली. त्यांचे बोट कोठे घुटमळते, कोणता शब्द ते दोनदा वाचतात, कोठून मागे फिरतात, तेवढे टिपून ठेवा. “कसे वाटले?” असे विचारले, तर “लई बरं हाय की!” हेच उत्तर मिळणार; आपली माणसे पोराचे मन मोडत नाहीत. त्याऐवजी “कालच्या संध्याकाळची नोंद केली होती का? मला दाखवा बघू,” असे म्हणा. नोंद सापडायला वेळ लागला की अडचण कोठे आहे ते दिसते. कणकुंबी-जांबोटीकडील पावसाळी भागात नेटवर्क जाते-येते, म्हणून तेथील एक-दोन घरे मुद्दाम घ्या आणि इंटरनेट नसताना केलेली नोंद नंतर हरवत नाही ना, हे पाहा. चौदा दिवसांचा काळही असा निवडा की त्यात निदान एक बिल यावे. डेअरीच्या बिलाचा आकडा आणि ॲपची बेरीज समोरासमोर येते, तो दिवस तुमच्या ॲपच्या खऱ्या कसोटीचा.

प्रश्न : माझ्या बचत गटाच्या व्हॉट्सॲपवर एका ओळखीच्या क्रमांकावरून निरोप आला की, ‘नवीन ॲपचे परीक्षक व्हा, सोबतची फाइल उघडा.’ अशी चाचणी खरोखर असते का? सामील व्हावे का?
— एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : चाचणी असते, पण तिची फाइल अशी वाटली जाण्याचे कारण नाही. ती फाइल उघडू नका. लग्नपत्रिकेच्या किंवा बँकेच्या नावाने एपीके फाइल (प्ले स्टोअरशिवाय थेट फोनवर ॲप बसवणारी फाइल) पाठवून फोनचा ताबा घ्यायचा आणि खात्यातील पैसे काढायचे, हा फसवणुकीचा प्रकार देशभर चालू आहे. एकाचा फोन ताब्यात आला की त्याच्याच नावाने पुढच्यांना निरोप जातात. त्यामुळे क्रमांक ओळखीचा आहे, एवढ्यावर विसंबता येत नाही. त्या व्यक्तीला फोन करून प्रत्यक्ष विचारा, आणि गटातील इतर भगिनींना आजच सावध करा.

खऱ्या निमंत्रणाचा दुवा तुम्हाला प्ले स्टोअरवरच नेतो, ॲप तेथूनच उतरते आणि ते अद्याप चाचणीत असल्याचा उल्लेख तेथे असतो. तुम्ही कळवलेल्या सूचना फक्त ॲप करणाऱ्यालाच दिसतात, आणि ज्या पानावरून सामील झालात तेथूनच बाहेरही पडता येते. परीक्षक होण्यासाठी पैसे, ओटीपी, आधार क्रमांक किंवा बँकेचा तपशील कधीही द्यावा लागत नाही. हिशेबाचे साधे ॲप एसएमएस वाचण्याची किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ची (पडद्यावरचे सगळे वाचण्याची आणि तुमच्या वतीने बटणे दाबण्याची) परवानगी मागू लागले, तर ती देऊ नका आणि कारण विचारा. खात्यातून पैसे गेलेच असतील, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.

प्रश्न : वडगावात आमचे साड्यांचे दुकान आहे. आयफोनसाठी ॲप करून घेत आहोत. तेथेही १२ माणसांची अट आहे का?
— एक व्यावसायिक, बेळगाव

उत्तर : नाही. ॲपलकडे अशी किमान संख्या ठरलेली नाही. डेव्हलपर खात्याचे वार्षिक शुल्क ९९ डॉलर आहे आणि चाचणी टेस्टफ्लाइट या ॲपलच्याच ॲपमधून होते. तुमच्या चमूतील १०० आणि बाहेरचे १०,००० जणांपर्यंत परीक्षक घेता येतात. बाहेरच्यांना देण्याआधी पहिली आवृत्ती ॲपलकडून तपासली जाते, आणि चाचणीची प्रत्येक आवृत्ती ९० दिवसांनी बंद पडते, हे ध्यानात ठेवून दिवाळी किंवा लग्नसराईच्या आधी वेळापत्रक आखा. परीक्षक म्हणून नेहमीच्या ग्राहक भगिनींपैकी दहा-बारा जणी पुरेत. पडद्यावर काही चुकीचे दिसले की त्यांनी स्क्रीनशॉट घ्यावा आणि त्यावर दोन शब्द लिहून तेथूनच पाठवावा. तशी सोय टेस्टफ्लाइटमध्ये आहे. साडीचा रंग ॲपमध्ये दिसतो तसाच प्रत्यक्षात आहे का, हे मात्र त्यांना दुकानात बोलावून, साडी आणि फोन शेजारी ठेवूनच विचारा.