सोल्डरिंगनंतरचा फ्लक्स आयपीएने पुसला तर बोर्डवर पांढरा थर आला. आता काय करू?

तुम्ही लिहिलंय की घरी पीएच मीटरचं किट जोडलं, सांध्यांभोवतीचा पिवळट चिकट फ्लक्स आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि कापसाने पुसला, वाळल्यावर सगळीकडे पांढुरका थर दिसला आणि पावसाळी हवेत रीडिंग सरकतं. मी प्रयोगशाळेतली उपकरणं दुरुस्त करतो, त्यामुळे ही तक्रार ओळखीची आहे. बोर्ड बिघडलेला नाही. तो अर्धवट धुतला गेलाय, आणि अर्धवट धुणं हे न धुण्यापेक्षा वाईट.

कारण असं. नेहमीच्या सोल्डर वायरच्या पोटात फ्लक्स म्हणून चीडाच्या झाडाची राळ असते आणि तिच्यात थोडी तीव्र रसायनं मिसळलेली असतात. तांब्यावरचा ऑक्साइड काढायला त्यांची मदत होते. सांधा थंड झाला की राळ कडक होते आणि उरलेली रसायनं तिच्यात कोंडून राहतात. 'नो-क्लीन' (न धुता ठेवण्यासाठी बनवलेला) फ्लक्स तसाच ठेवला तर चालतो तो यामुळेच. आयपीएने राळ विरघळते, पण त्या रसायनांतले क्षार त्यात फारसे विरघळत नाहीत. राळ कापसाबरोबर थोडी निघाली, बाकीची पातळ होऊन बोर्डभर पसरली आणि क्षार उघडे पडले. तुम्हाला दिसतंय ते हे. आयपीए फक्त विरघळवतं, मळ उचलून नेत नाही. तो बोर्डवरून खाली काढायचं काम आपलं.

तेव्हा पुसू नका, धुवा. ९९ टक्क्यांचं आयपीए घ्या. हँड सॅनिटायझर अजिबात नको, बऱ्याच सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं आणि ते बोर्डवर राहतं. बोर्ड तिरका धरून भरपूर आयपीए सोडा, केस आखूड कापलेल्या ब्रशने घासा आणि मळकं आयपीए वाळायच्या आत कडेवरून खाली जाऊ द्या. मग धागे न सुटणारं कापड बोर्डवर पसरून त्याच्यावरूनच ओला ब्रश फिरवा, म्हणजे विरघळलेली राळ कापडात शोषली जाते. कापडाची जागा दरवेळी बदला. कापूस नको, त्याचे धागे आयसीच्या (चिपच्या) पायांत अडकतात. नायलॉनच्या टूथब्रशने स्थिर वीज तयार होते, त्यामुळे मी नैसर्गिक केसांचा रंगाचा ब्रश वापरतो. एवढ्यानंतरही पांढरं उरलं तर ते बहुधा क्षारच. त्या भागावर डिस्टिल्ड वॉटरने ब्रश मारा, पाणी निथळू द्या आणि शेवटी पुन्हा ताजं आयपीए.

जुनी, जळून काळी पडलेली राळ अशाने निघत नाही. तिथे थोडा नवा राळेचा फ्लक्स लावून सांधा पुन्हा वितळवा, जुनी राळ नव्यात मिसळून मऊ होते आणि मग धुतली जाते. फक्त धुण्याआधी सोल्डरिंग आयर्न बंद करून बाजूला ठेवा. आयपीएची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. खिडकी उघडी हवी.

काय भिजवू नये: उघडे रिले, बझर, पोटेन्शिओमीटर, स्विच, माइक, आर्द्रतेचा सेन्सर. नव्या बझरवर कधी कधी भोक झाकणारं स्टिकर असतं. ते बोर्ड धुवून झाल्यावर काढायचं असतं, पण किट जोडणारे बहुतेकजण उत्साहात ते आधीच काढून टाकतात. ॲसिटोन आणि थिनरने प्लॅस्टिक खराब होतं, दुकानदार काहीही म्हणो.

एक गोष्ट तपासा. तुम्ही डबीतली पेस्टही लावली होती का, आणि ती कुठली? नळकामाच्या फ्लक्समध्ये झिंक क्लोराइड असू शकतं. ते हवेतली ओल ओढतं आणि तांबं खातं, तिथे आयपीए पुरत नाही. पाण्यात विरघळणारा फ्लक्स असेल तर तोही कोमट डिस्टिल्ड वॉटरनेच आणि त्याच दिवशी धुवायला हवा.

एलईडीच्या झुंबराच्या बोर्डवर हा थर राहिला असता तर मी म्हटलं असतं, सोडून द्या. पण पीएच मीटर हे वेगळं प्रकरण आहे. काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध शंभर मेगाओहमच्या आसपास असू शकतो. इनपुट आणि ग्राउंड यांच्यामधल्या थराने ओल धरून विजेला एक गिगाओहमची (हजार मेगाओहमची) गळतीची वाट दिली, तर सिग्नलचा अकरावा भाग तिथेच जातो. २५ अंशांना पीएच ४ साठी १७७ मिलिव्होल्ट यायला हवेत, तिथे १६१ येतात आणि मीटर ४.२७ दाखवतो. कॅलिब्रेशनने ही चूक झाकली जाते, पण हवा बदलली की गळती बदलते आणि रीडिंग पुन्हा सरकतं. साध्या मल्टिमीटरला एवढा रोध मोजता येत नाही, तो 'ओपन'च दाखवेल.

म्हणून इनपुट सॉकेटपासून ऑप-ॲम्पच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) पायापर्यंतचा भाग बोर्डच्या दोन्ही बाजूंनी धुवा आणि नंतर तिथे बोट लावू नका, घामातलं मीठही गळती करतं. बोर्ड रात्रभर वाळू द्या. मग १७७ मिलिव्होल्टच्या आसपासचा स्थिर व्होल्टेज आधी सरळ इनपुटला द्या, नंतर शंभर मेगाओहमच्या रेझिस्टरमधून. रेझिस्टर पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा ग्राउंडला जोडा, नाहीतर रीडिंग नाचत राहील. दोन्ही वेळा आकडा सारखा आला तर गळती संपली. दुसऱ्या वेळी तो ७ कडे (म्हणजे शून्य मिलिव्होल्टकडे) सरकला तर सॉकेटच्या मागची बाजू पुन्हा धुवा, तिथला फ्लक्स बहुतेकदा राहून जातो.