काळ्या फिती आणि लेखणीबंद

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणी राज्य शासनाच्या कार्यालयात लिपिक आहे. प्रलंबित मागण्यांसाठी आमच्या संघटनेने काळ्या फिती लावून काम, भोजनाच्या सुट्टीत निदर्शने आणि शेवटी एक दिवस लेखणीबंद असा कार्यक्रम ठरवला आहे. कार्यालयप्रमुख या साऱ्यालाच शिस्तभंग म्हणतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : सरसकट तसे म्हणता येणार नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधील नियम 6 निदर्शने आणि संप या दोहोंविषयी असला, तरी त्यांना तो एकाच मापाने मोजत नाही. सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान अशा विशिष्ट बाबींना बाधा आणणारी निदर्शनेच त्यात निषिद्ध आहेत, संप मात्र पूर्णपणे. या भेदाचे मूळ कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्याच्या 1962 मधील निकालात आहे. शांततापूर्ण निदर्शने हा अनुच्छेद 19 मधील अभिव्यक्तीचाच प्रकार असून नोकरीत शिरताना माणूस तो हक्क गमावत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या नियमातील निदर्शनांवरची सरसकट बंदी रद्द केली. संपावरची बंदी कायम ठेवली.

म्हणून काम नियमित चालू ठेवून लावलेली काळी फीत, माझ्या मते, शिस्तभंग ठरू नये. खिडकीपाशी आलेल्या शेतकऱ्याला त्याचा उतारा वेळेत मिळतो आणि आपली नाराजीही त्याला दिसते, हे या मार्गाचे खरे बळ आहे. सुट्टीतील निदर्शनांबाबत जागेचे भान ठेवावे. कामाच्या आवारात सभा घेण्याचा मूलभूत हक्क कर्मचाऱ्यांना नाही, असे 1969 मध्ये रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग या प्रकरणात ठरले आहे. त्यामुळे आवारासाठी लेखी परवानगी मागावी. ती न मिळाल्यास फाटकाबाहेर, रहदारी न अडवता आणि तेथे जमावबंदी नाही याची खात्री करून जमावे.

लेखणीबंदची गोष्ट वेगळी आहे. हजेरीपटावर सही करून खुर्चीत बसले, तरी ठरवून काम नाकारणे हा संपच होय. तमिळनाडूत 2003 च्या संपात लाखाहून अधिक कर्मचारी बडतर्फ झाले होते आणि टी. के. रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शासकीय कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, वैधानिक किंवा नैतिक हक्क नाही, असे म्हटले. हा निकाल मला फार कठोर वाटतो, परंतु आपला कार्यक्रम आखताना तो विसरून चालणार नाही. लेखणीबंदऐवजी सामूहिक रजेचा विचार असेल, तर मंजुरीविना घेतलेली अशी रजाही अनधिकृत गैरहजेरी मानली जाऊन त्या दिवसाचे वेतन कापले जाऊ शकते.