चाकू लावला की पसरतो, मॅडम

"चाकू लावला की कॅन्सर पसरतो म्हणतात. लेपाने जात असेल तर कापायचं कशाला?" कॅन्सर रुग्णांचं समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यासमोर सारखा येतो. दरवेळी मला एक मावशी आठवतात. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मावशी साठीच्या. परकराची नाडी कमरेला जिथे आवळून बसते, तिथे वर्षानुवर्षांचा काळा पट्टा आणि त्यावर एक न भरणारी जखम. कातडी अशी सतत घासत राहिली तर क्वचित तिथे कॅन्सर होतो. धोतर बांधायच्या जागी होणाऱ्या अशाच कॅन्सरची नोंद कॅन्सर संशोधक डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1945 सालीच केली होती. मावशींच्या जखमेचा तुकडा तपासला, तेव्हा कातडीचा कॅन्सर निघाला. जखम लहान होती, ऑपरेशनची तारीखही मिळाली. मावशी आल्याच नाहीत.

चार महिन्यांनी मुलगा त्यांना घेऊन आला. खिशातून त्याने प्लास्टिकची डबी काढली. "मॅडम, हे बघा, मूळ निघालं होतं." आत कापसावर काळी, वाळल्या चामड्यासारखी खपली. तालुक्याच्या गावी कुणीतरी लेप लावून दिला होता. आठ दिवस नुसती आग, मग ही खपली पडली. घरात नारळ फोडला. आणि आता पुन्हा रक्त येत होतं.

ती डबी मी दोन्ही हातांनी घेतली. आईसाठी धावाधाव केलेल्या मुलाला तोंडावर वेड्यात काढलं, तर तो परत येत नाही, आणि आईही येत नाही.

मावशींना मी जखमेच्या बाजूची कातडी बोटाने दाबायला सांगितली. "काय लागतंय?" "सुपारीसारखं." लेपाने वरची कातडी जाळली होती, चांगली आणि वाईट दोन्ही. खालची गाठ तशीच वाढत होती. ऑपरेशनमध्ये भोवतालची थोडी निरोगी कातडीही काढतात आणि तिच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. कुठे काही उरलं असेल तर कळतं. खपलीखाली काय उरलं, हे लेप देणाऱ्यालाही दिसत नाही. ऑपरेशनला पर्याय नसतात असं नाही. कातडीच्या काही वरवरच्या कॅन्सरला मलम चालतं, काहींना रेडिएशन. पण कुणाला काय चालेल, हे तपासणीचा रिपोर्ट पाहूनच ठरतं.

हे सगळं मुलाला पटलं. मावशी गप्पच. मग मी त्याला चहा प्यायला पाठवलं आणि विचारलं, "मावशी, घरात कुणाचं ऑपरेशन पाहिलंय का तुम्ही?"

बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. थोरल्या जाऊबाईंना गळ्याजवळ गाठ आली होती. वर्षभर अंगारे, काढे. शेवटी ऑपरेशन झालं आणि दोन महिन्यांत त्या गेल्या. "चाकू लागला आणि गेली. डोळ्यांदेखत."

भीती इथे होती. मुलगा पैशांचं म्हणत होता, लेपवाला मुळाचं म्हणत होता, पण मावशींच्या डोळ्यांपुढे जाऊबाईच होत्या. ऑपरेशन शेवटी झालं, म्हणून मरणाचं खापरही त्याच्यावरच फुटलं. आधीचं वर्ष कुणी मोजलंच नाही. मला वाटतं, चाकूने कॅन्सर पसरतो हा समज आपल्याकडे घरोघरी असाच तयार होतो. त्या दिवशी मी त्यांना औषधपाण्याचं काही सांगितलं नाही. जाऊबाईंबद्दल विचारत राहिले. त्या रडल्या, त्यांच्या हातच्या पुरणपोळ्यांबद्दल बोलल्या.

तिसऱ्या भेटीत त्या ऑपरेशनला तयार झाल्या. सरकारी आरोग्य योजनेचे कागद मुलाने गोळा केले. मधल्या चार महिन्यांत आजार जांघेतल्या गाठींपर्यंत गेला होता, त्याही काढाव्या लागल्या. मांडीची कातडी कमरेला लावली. पाय अजून सुजतो. नाडी कायमची सुटली, आता त्या सैल गाऊन घालतात.

मागच्या तपासणीला रिपोर्ट चांगला आला. निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "ताई, आमची जाऊ वेळेत आली असती, तर वाचली असती का हो?"

मी त्यांचा हात धरला आणि खरं तेच सांगितलं. "कदाचित, मावशी."