पण ती पणती पेटेना

‘ताई, यंदा साताऱ्याला थोरल्या जाऊबाईंकडे गौरी होत्या. माझी मुलगी अडीच वर्षांची. पूजनाच्या दिवशी आम्ही पानं वाढत असताना ती मखरात शिरली. मुखवट्यांना हात लावला, फराळातली करंजी खाल्ली, पायऱ्यांवरच्या बॅटरीच्या पणत्या खाली ओढल्या. एकीचं बुडाचं झाकण निघालं. जाऊबाईंनी ते बसवलं, पण ती पणती पेटेना. मग पाहुण्यांदेखत म्हणाल्या, “पोरीला जरा वळण लावा.” सासूबाई गप्प, नवरा गप्प. मी रात्रभर रडले. आज विसर्जन करून पुण्याला आलो. मुलगीही कालपासून रुसलीय, धड जेवत नाही. पुढच्या वर्षी तिकडे पाऊलही टाकू नये असं वाटतं. चुकतंय का माझं?’

तुझी मेल मी त्याच रात्री वाचली आणि आधी एवढंच कळवलं, की मुलीला आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात ने आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक्स-रे काढायला सांग. तू उलट विचारलंस, ‘एक्स-रे कशाला?’

अगं, पणती पेटेना! म्हणजे सेल तिच्यात नव्हता. मग होता कुठे? जाऊबाईंचा टोमणा तू शब्दन् शब्द लिहिलास, आणि सेलचं नाव नाही.

त्या पणत्यांत बहुधा सीआर २०३२ जातीचा सेल असतो. नाण्यासारखा चपटा, २० मिलिमीटर रुंद, ३ व्होल्टचा. तो अन्ननलिकेत अडकला तर फुटावा किंवा गळावा लागत नाही. ओलाव्यात त्यातून वीज वाहते, तिथे कॉस्टिक सोड्यासारखा दाहक अल्कली तयार होतो आणि अवघ्या २ तासांत आतून खोल भाजू शकतं. मूल रडेलच असं नाही. लाळ गाळतं, खोकतं, घास नको म्हणतं. ‘धड जेवत नाही’ वाचून माझ्या पोटात गोळा आला आणि तू त्याला रुसवा म्हणत होतीस. अडीच वर्षांचं पोर टोमण्यावरून दोन दिवस रुसत नाही. तेवढा दम आपल्यातच.

एक्स-रेत काही निघालं नाही. सेल असता तर कडेला दुहेरी रिंगण दिसलं असतं, नाण्याला तसं नसतं. घसा लाल होता, म्हणून जेवत नव्हती. आणि दोन दिवसांनी सासूबाई ओटीचे तांदूळ निवडायला बसल्या तेव्हा सुपारी आणि सुट्ट्या नाण्यांबरोबर तो सेल हाती आला. सगळ्या बायका ओटीत नाणं घालताना तुझ्या लेकीने पाहिलं होतं, तिनेही घातलं. वळण आणखी कसं असतं?

पण खूश होऊ नकोस. तू लिहितेस, ‘सासूबाईंनी मला एकटीलाच सांगितलं, जाऊबाईंना कळवून उगाच वाद नको.’ म्हणजे आता तूही गप्प बसणाऱ्यांच्या रांगेत. त्याच पणत्या दिवाळीला त्याच दारात लागणार, भाऊबीजेला घर पोरांनी भरणार आणि झाकण नुसतं दाबून बसवलेलं. सगळीच पोरं सेल ओटीत टाकत नाहीत.

तेव्हा आजच जाऊबाईंना फोन कर. नवऱ्याकरवी नको, मेसेजही नको. ‘वहिनी, त्या पणतीचा सेल मिळालाय’ इथून सुरुवात कर. झाकण स्क्रूने आवळता येत नसेल तर त्या पणत्या लहान पोरं येतात त्या घरात लावायच्याच नाहीत, चिकटपट्टीचा उपयोग नाही, हे सांग. उतरलेला सेलही धोक्याचाच, तो टेबलावर ठेवू नका म्हणावं. आणि कुणा पोराने गिळल्याची नुसती शंका आली तरी ओकारी काढू नये, तडक हॉस्पिटल गाठावं. मूल वर्षाच्या वरचं असेल, गिळू शकत असेल आणि १२ तास उलटले नसतील, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, फार तर सहा वेळा. मध शोधत बसू नये, हाताशी असेल तरच.

वळणाचा विषय तू काढायचा नाहीस. त्यांनी काढलाच तर ‘बरं’ म्हण आणि परत सेलवर ये.

पुढच्या वर्षी जायचं का? जायचं. तो काय प्रश्न आहे? फोन मात्र त्यांनी दिवाळीसाठी माळ्यावरचं खोकं काढायच्या आत झाला पाहिजे.