लढे आणि घर एकत्र दाखवणारे मुंबईवरचे माहितीपट कोणते? स्वतःच्या घरावर लघुपट करायचा झाल्यास सुरुवात कशी करावी?

आपली तक्रार अशी आहे की, सामाजिक लढ्यांवरचे माहितीपट मोर्चे आणि भाषणांतच अडकतात, तर कुटुंबावरचे लघुपट उंबरठा ओलांडत नाहीत. मी मुंबईत माहितीपटांचे संकलन करते आणि माझ्या मते या शहरात हे दोन विषय वेगळे काढणेच कठीण आहे; इथले बहुतेक लढे डोक्यावरच्या छपराचे, पगाराचे आणि घरात कोण किती राबते याचेच आहेत. ज्या चित्रपटकर्त्यांना हे उमगले, त्यांचेच काम टिकले आहे.

आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’पासून (१९८५) सुरुवात करावी. झोपड्या पाडल्या जात असताना तिथल्या माणसांचा संसार कसा रस्त्यावर येतो, हे त्यात दिसते. त्यातली एक बाई थेट चित्रपटकर्त्यालाच सुनावते की, गरिबांचे चित्रण करून तुमचे नाव होईल, आमचे काय? हा भाग त्यांनी कापला नाही, आणि तो ठेवल्यामुळेच बाकीच्या चित्रपटावर माझा विश्वास बसतो. याच चित्रपटात शाहीर विलास घोगरे गाताना दिसतात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगर या दलित वस्तीत पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले आणि त्यानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी आपले जीवन संपवले. त्या धक्क्यातून सुरू झालेला पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण व्हायला चौदा वर्षे लागली. तो २०११ साली आला. तीन तासांहून मोठा आहे, पण वेळ काढून एका बैठकीत पाहावा, कारण तेवढा काळ माणसांबरोबर राहिल्यामुळे काय हाती लागते, ते त्यात कळते.

घराच्या अंगाने पाहायचे तर निष्ठा जैन यांचा ‘लक्ष्मी अँड मी’ (२००७) चुकवू नये. स्वतःच्या घरी कामाला येणाऱ्या तरुणीवरच त्यांनी कॅमेरा रोखला आहे, त्यामुळे मालकीण आणि कामवाली यांच्यातले अंतर चित्रपट करणारीलाही टाळता आलेले नाही. पटवर्धन यांचा ‘वसुधैव कुटुंबकम्’ (२०२३) तर त्यांच्या वृद्ध आईवडिलांवरच आहे, आणि घरगुती गप्पांमधून स्वातंत्र्यचळवळीतले अख्खे कुटुंब त्यात उभे राहते. गिरणगावासाठी अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांचा ‘साचा’ (२००१) पाहावा. नारायण सुर्वे यांची कविता आणि सुधीर पटवर्धन यांची चित्रे यांतून तो कामगारांच्या मुंबईकडे पाहतो.

आता आपल्या लघुपटाविषयी. गिरणी कामगारांच्या एका चित्रणावर मी काम करत होते. एक आजोबा १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाविषयी, त्याचे नेते दत्ता सामंत यांच्याविषयी आवेशाने बोलत होते. तेवढ्यात मोरीच्या बाजूने आजींचा आवाज आला, “आणि घर कोणी चालवलं, तेही सांगा की. डबे मी करत होते.” आजोबा थांबले, चष्मा काढून पुसू लागले आणि मान हलवून म्हणाले, “हो, ते खरंच.” ध्वनिमुद्रकाने तो आवाज अडथळा म्हणून नोंदवला होता. संकलनात आम्ही मुलाखतीचा पुढचा बराचसा भाग काढून टाकला आणि ते वाक्य ठेवले, कारण अडीच लाख कामगारांच्या संपाचा घरातला हिशेब त्या एका वाक्यात होता. गिरणगावातल्या अनेक बायका खाणावळी चालवत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते अशाच बायकांना हाताशी धरून. तरीही संपाच्या आठवणी सांगताना त्यांची आठवण अशी आतूनच करून द्यावी लागते.

म्हणून चित्रण करताना बोलणाऱ्या माणसाइतकेच लक्ष आतल्या आवाजांकडे द्यावे. कॅमेरा मोबाइलचा चालेल, पण ध्वनीसाठी चांगला माइक भाड्याने का होईना, घ्यावाच. पाणी येण्याच्या वेळेला कोणालाही मुलाखतीसाठी बसवू नये. त्या वेळी नुसते चित्रण करावे, कारण घरातली कामाची वाटणी तेव्हाच उघड दिसते. “आई, तुझं दुःख सांग” असे विचारू नये. रेशन कार्डावर कोणाची नावे आहेत, खोली कोणाच्या नावावर आहे, पोटमाळ्यावर कोण झोपते, असे साधे प्रश्न विचारावेत. उत्तरांतून जागेचा आणि हक्काचा प्रश्न आपोआप बाहेर येतो.

प्रदर्शनाचे थोडक्यात सांगते. माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांचा मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून भरतो. २००४ साली तिथे भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली, तेव्हा चित्रपटकर्त्यांनी त्याला विरोध करून ‘विकल्प’ हा पर्यायी महोत्सव भरवला होता. महोत्सवांचा विचार मात्र नंतर करावा. कच्चे संकलन झाले की ते आधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून दाखवावे. चित्रणाला दिलेली संमती म्हणजे प्रदर्शनाला दिलेली संमती नव्हे, त्यामुळे ती पुन्हा विचारावी, आणि कोणी एखादे वाक्य काढायला सांगितले तर ते कितीही उत्तम असले तरी काढावे.