सेदरच्या ताटातला 'कर्पस' आणि एस्तेरच्या पुस्तकातला 'कर्पस' एकच का?

नाही. तुम्ही विचारलंय की वल्हांडणाच्या (ज्यूंच्या 'पासओव्हर' सणाच्या) सेदरला, म्हणजे विधिपूर्वक जेवणाला, मिठाच्या पाण्यात बुडवून खातात ती 'कर्पस' भाजी बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकात राजाच्या पडद्यांच्या वर्णनात कशी आली. गोंधळ साहजिक आहे, कारण दोन्हीकडे काफ, रेश, पे, सामेख हीच चार हिब्रू अक्षरं आहेत. पण शब्द दोन आहेत. भाजीचा शब्द मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, भेटतो, नदीकाठी उगवणारी सेलरीसारखी वनस्पती म्हणून. दुसरा अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये एकदाच येतो, एस्तेर १:६ मध्ये. आणि तो तुमच्या उशीत भरलेला आहे!

प्रसंग शूशनचा, म्हणजे इराणी राजांच्या राजधानीचा. राजा अहश्वेरोश, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते पहिला झर्क्सिस, बागेच्या अंगणात सात दिवसांची मेजवानी देतो. संगमरवरी खांब, चांदीच्या कड्या, त्यांत ओवलेल्या तागाच्या आणि जांभळ्या दोऱ्या आणि त्यांवर 'हूर, कर्पस, तखेलेत'. हूर म्हणजे पांढरं, तखेलेत म्हणजे निळं. मधला कर्पस म्हणजे संस्कृत कर्पास. आपला कापूस.

मी हौसेने हिब्रू शिकायला लागलो तेव्हा या ओळीवर बराच वेळ अडकलो होतो. कोशात 'फारसीतून, मूळ संस्कृत' एवढंच होतं. मग मोठ्याने म्हणून पाहिलं. कर्पास, प्राकृतात कप्पास, मराठीत कापूस. वाटेत आपण 'र' गिळून टाकला, हिब्रूने तो सांभाळून ठेवला. ग्रीकांनीही (कार्पासोस) आणि रोमनांनीही (कार्बासुस). फारसीत जाडसर सुती कापडाला अजून 'करबास' म्हणतात. खुद्द संस्कृतने हा शब्द आर्येतर भाषेतून उचलला असावा असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात, तेव्हा 'आमच्या संस्कृतने जगाला दिला' म्हणून छाती फुगवायला नको.

कापूस शूशनला पोचला कसा, याचं नवल वाटायला नको. त्याच पुस्तकाच्या पहिल्याच वचनात राजाचे १२७ प्रांत 'होदू'पासून कूशपर्यंत (इजिप्तच्या दक्षिणेचा प्रदेश) पसरलेले आहेत. होदू म्हणजे सिंधूकाठचा हिंदुस्थान. माल आला, मालाबरोबर नाव आलं.

भाषांतरकारांची मात्र तारांबळ उडाली. जुन्या ग्रीक भाषांतरात शब्द नीट ओळखलेला दिसतो, पण १६११ च्या किंग जेम्स इंग्रजी बायबलमध्ये कर्पसच्या जागी चक्क 'हिरवे' पडदे लटकतात. भाजीचा रंग कपड्याला लागला असावा, हा आपला माझा अंदाज.

ज्यू परंपरेने दोन्ही शब्दांची गाठ मात्र गोड मारली आहे. बायबलमधल्या याकोबाने आपल्या लाडक्या मुलाला, योसेफाला, दिलेल्या अंगरख्याच्या वर्णनात 'पस्सीम' असा शब्द येतो. तो समजावताना राशी या मध्ययुगीन भाष्यकाराने एस्तेरमधल्या कर्पसचाच दाखला दिला. पुढे त्यावरून असा अर्थ लावला गेला की सेदरला कर्पस बुडवताना भावांनी रक्तात बुडवलेला योसेफाचा अंगरखा आठवावा. व्युत्पत्ती म्हणून हे टिकत नाही, पण तुमचा प्रश्न कुणालातरी आधीच पडला होता, एवढं नक्की.