चर्चमधली उपस्थिती का घटतेय, आणि चर्चने काय करावं?

अमेरिकेपुरतं बोलायचं तर घट खरी आहे. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत १९९९ मध्ये ७० टक्के लोक कुठल्या ना कुठल्या प्रार्थनास्थळाचे सदस्य होते. २०२० मध्ये ४७. मात्र प्यू या संशोधन संस्थेच्या २०२३-२४ च्या पाहणीत ख्रिश्चनांचं प्रमाण ६२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावलेलं दिसतं.

बरेच जण भांडून जात नाहीत. घर बदलतं, कामाच्या पाळ्या बदलतात, एक रविवार चुकतो आणि मग सवयच मोडते. त्यामुळे बँड-रोषणाईवर खर्च करण्याआधी (माझ्या मते तो बराचसा वायाच जातो) सलग तीन रविवार न दिसलेल्याला फोन करा, दानाचा विषय न काढता. नव्या माणसाला लवकर काहीतरी काम द्या, खुर्च्या लावणं का असेना. ऑनलाइन प्रक्षेपण मात्र बंद करू नका. अंथरुणाला खिळलेल्यांना तेवढाच आधार असतो.